रोबोटने डावा हात का फेकला

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी मुलुंडला त्यांच्याकडे राहायला गेले. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती, टीव्ही थोडा थोडा चालेल म्हणाले होते. बातम्या बघून बाबांचा रक्तदाब वाढतो, म्हणून मी माझ्या आवडीचा एक जपानी ॲनिमे सिनेमा लावला. चंद्रावरच्या खाणी, इमारतीएवढे रोबोट आणि प्रत्येक रोबोटच्या छातीत बसून तो चालवणारा एक माणूस.

"कार्टून?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबा मात्र सरसावून बसले. त्यांनी भांडुपच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्रेन चालवली होती, छताजवळच्या केबिनमध्ये बसून. "आपोआप चालतं त्यात काय मजा," ते म्हणाले. "इथे आत कोणीतरी बसलंय ना, मग ठीक." पाच मिनिटांत त्यांनी रोबोट चालवणाऱ्या नायिकेची पहिली चूक काढली. "खाली खूण करणारा माणूसच नाही. हिला पायाखालचं काय दिसणार?"

अडचण एकच होती. संवाद जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. ती मी मराठीत वाचून दाखवत होते. अर्ध्या तासात माझा घसा कोरडा पडला. लढाईआधी एक म्हातारा मेकॅनिक नायिकेला गाठून भरभर बोलायला लागला, तेव्हा मी चहा पीत होते. तो थांबल्यावर मी म्हणाले, "जपून जा म्हणतोय."

"एवढा वेळ?"

"जपानी लांबलचक असते, बाबा."

लढाई सुरू झाली. ऐन वेळी नायिकेने आपल्याच रोबोटचा धडधाकट डावा हात उपटून दरीत फेकला आणि शत्रूचे सगळे रोबोट त्या हातामागे धावले.

"असं का केलं तिने?"

मलाही कळलं नव्हतं. "राग आला तिला."

बाबांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "रागाने कोणी मशीनचा पार्ट काढत नाही. मागे घे. त्या म्हाताऱ्यापर्यंत."

मागे घेतलं. तो सांगत होता की डाव्या हातात कोणीतरी यंत्र लपवलंय, त्यावरून शत्रूला तुझा पत्ता लागतो, आणि ते बसवणारा आपल्यातलाच आहे. म्हणजे चहाबरोबर मी अख्खं कथानक गिळलं होतं.

"जपून जा, म्हणे," बाबा म्हणाले.

मला लाज वाटली. कॉलेजपासून मी हे सिनेमे बघतेय, बऱ्याचदा मोबाईल चाळत. मला रोबोटांची हाणामारीच आवडते असं मी समजत होते. पण पुढचा तासभर आम्ही दोघं एक वाक्य न सोडता तो फितूर शोधत होतो, आणि इतकी मजा मला आधी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दुपारी बाबांनी आणखी एक सिनेमा मागितला. नेमका मला ऑफिसचा कॉल आला, म्हणून वाचायला आई बसली. कॉल संपवून बाहेर आले तर ती गंभीर आवाजात वाचत होती, "आधी दोन घास खाऊन घे, मग लढाईला जा."

"हे खरंच लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

"नाही. पण पोरगी सकाळपासून उपाशी आहे, कोणीतरी म्हणायला हवं ना."

बाबांना ते पटलं. मीही जाऊन बसले. आईने शेवटपर्यंत वाचलं, आणि खलनायक मरताना त्याला दोन शिव्याही वाचून दाखवल्या.