प्रज्ञाताईंचे राहिलेले तास

बातमी आली तेव्हा मी वर्गावर होते. शिपायानं दारात बोलावून सांगितलं... चाकूरच्या आमच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या प्रज्ञाताई लातूरला राहत्या घरी झोपेतच गेल्या होत्या. आदल्या दुपारी आम्ही एकाच डब्यातली मेथीची भाजी खाल्ली होती. मला अजून पटत नाही.

आम्ही दोघी तासिका तत्त्वावरच्या. शिकवाल तेवढ्या तासांचं मानधन, उन्हाळाभर घरी आणि दर जूनला आपल्याच जागेसाठी नव्यानं मुलाखत. "अनुभव आहे का?" असं कुणी विचारलं की ताई गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "आहे ना सर. मागच्या जूनला तुम्हीच विचारला होता." दाराबाहेर नंबराची वाट बघताना हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची.

त्यांचे मिस्टर मिलिंदसरही भूगोलाचेच आणि तेव्हा तासिकेवरच. लातूरच्या एका कॉलेजात कायम जागा निघाली, एकच. नातेवाईक म्हणाले, बाईनं कशाला मध्ये पडायचं? पण अर्ज दोघांनीही केला. स्वयंपाकघरात एकमेकांची तयारी करून घेतली आणि एकाच एसटीनं मुलाखतीला नांदेडचं विद्यापीठ गाठलं. तिथं ताईंना विचारलं गेलं, "मिस्टर लागले म्हणजे घराचं झालंच की?" ताई म्हणाल्या, "घराचं होईल सर. माझं काय?" सरांसमोर मात्र बायकोबद्दल कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं.

निवड सरांची झाली. पेढे ताईंनीच वाटले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकूरची गाडी धरली. मी म्हटलं, "आता कशाला धक्के खाताय ताई?"

"अगं, परमनंट ते झाले, मी कुठं झाले? अन् मला शिकवायला लई आवडतं, त्याचं काय करू?"

त्यांच्या जागी मी असते तर घरी बसले असते. म्हणूनच मला त्यांचा अभिमान वाटायचा... आणि थोडा हेवाही.

ताई गेल्यावर त्यांचे तास कुणाला द्यायचे, यावर आमच्याकडे नुसता खल चालला होता. अशातच एका दुपारी सकाळचं स्वतःचं कॉलेज उरकून मिलिंदसर एसटीनं आले. "तिचा मान्सून शिकवायचा राहिलाय," एवढंच म्हणाले. मानधनाचं त्यांनी कुणाला बोलूच दिलं नाही.

मी वर्गाबाहेर थांबले होते. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, आता तुम्हीच का आम्हाला कायमचे?"

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"न्हाई गं बाळा," ते म्हणाले. "मी तात्पुरता हाय. जागा मॅडमची हाय."