शिप्रेत न बुडालेली नायिका

माझ्या पुतण्याची मुलगी पुण्याला शिकते. सुटीत उज्जैनला आली की ती आपल्या कॉम्प्युटरवर मला सिनेमे दाखवते. दोन मुलग्यांच्या प्रेमाचे, चार मित्रांनी पदरमोड करून काढलेले. तिला माझं मत हवं असतं आणि मत द्यायची संधी मी कधी सोडत नाही. या सिनेमांत उजेड कमी असतो. एकच टेबललॅम्प नायकाच्या खोलीत, त्याच्या मित्राच्या घरी आणि पुढे हॉस्पिटलातसुद्धा दिसतो. ऐन मिठीच्या वेळी शेजारच्यांचा मिक्सर सुरू होतो. आणि शेवटी दोघांतला एकजण मरतो, नाहीतर मुकाट्यानं बोहल्यावर चढतो. पण एक गोष्ट त्यांना फार छान जमते. गाणी, मारामाऱ्या, परदेश यांना पैसा नसल्यामुळे ते त्या दोघांना एका खोलीत बसवतात आणि कॅमेरा तिथेच ठेवतात. मग ते दोघे एकमेकांकडे बघत राहतात. मोठ्या सिनेमावाल्यांना कुणाकडे एवढा वेळ बघायला परवडत नाही.

मी हे इतकं ठासून बोलतो त्याचं तिला हसू येतं. पण मला अधिकार आहे. अशा एका सिनेमात मी स्वतः काम केलेलं आहे. काढणाऱ्याला आपण काय काढतोय ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

मध्यभारत नावाचं आमचं राज्य तेव्हा नुकतं कुठे अंगवळणी पडलं होतं, तोच ते मोडून नवं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार असं ठरलं. उज्जैनमधल्या प्रत्येक नोकरदार घरात एकच विषय होता, कुणाला उचलून कुठे टाकणार. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, त्यामुळे मला कुणी उचलण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या गल्लीत एक कंपाउंडर राहत होते. संस्थानं गेल्यावर बड्या घरांतलं सामान विकायला निघायचं, त्यातून त्यांनी चावी देऊन चालणारा सिनेमाचा एक कॅमेरा मिळवला आणि त्या दिवसापासून स्वतःला डायरेक्टर म्हणवून घेऊ लागले. गोष्ट त्यांनीच लिहिली होती. नायक देशकार्याला जातो, नायिका वाट बघते, तो मेल्याची खोटी बातमी येते आणि ती शिप्रेत उडी घेते. आवाज भरायची सोय नव्हती. सिनेमा दाखवताना सगळे संवाद आपण पडद्याशेजारी उभे राहून म्हणू, असं त्यांनी ठरवलं होतं.

नायिकेसाठी त्यांनी ओळखीतली एक मुलगी ठरवली. तिचे आजोबा सोबत आले आणि पहिल्याच प्रसंगात नायक-नायिकेच्या मधे खुर्ची टाकून बसले. डायरेक्टरांनी त्यांना बाजूला व्हायची विनंती केली, तेव्हा ते नातीसकट बाजूला झाले ते थेट घरी गेले. मग माझी आठवण निघाली. गणपतीतल्या नाटकांत मी बायकांची कामं केली होती, अंगानं सडपातळ होतो आणि मला फुकट बोलावता येत होतं. साडी डायरेक्टरांच्या बायकोची, भैरवगढच्या छापाची. वहिनींनी ती देताना मला बजावलं की मेलास तरी चालेल, पण काठाला चिखल लागता कामा नये.

नायक महसूल कचेरीत कारकून होता. माळव्यातला, घरी हिंदी बोलणारा. त्याला मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. त्याची निवड झाली कारण त्याच्याकडे कोट होता. उंच होता, हसताना मान खाली घालायचा. पहिल्या दिवशी मला साडीत पाहून बाकीचे सगळे हसले. तो हसला नाही. त्यानं माझ्यासाठी सायकल बाजूला घेऊन वाट करून दिली आणि चूक लक्षात आल्यावर कानापर्यंत लाल झाला.

फिल्म महाग असल्यामुळे डायरेक्टर ती औषधासारखी वापरायचे. एका प्रसंगाला एकच डोस, दुसऱ्यांदा नाही. ‘मी थांबा म्हणेपर्यंत एकमेकांकडे बघा’ एवढंच ते सांगायचे आणि मग कॅमेऱ्याच्या खटपटीत थांबा म्हणायचं विसरायचे. चावी उतरून कॅमेरा बंद पडलेला असायचा. डायरेक्टर खाली वाकून पुन्हा चावी देत बसायचे आणि आम्ही बघतच असायचो. तो हिंदीत काहीतरी पुटपुटायचा, मी मराठीत उत्तर द्यायचो. पडद्यावर ओठ हलले की झालं. बरेचदा आम्ही बाजारभावाबद्दल बोलत होतो. पण एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी रोज सकाळी फक्त या बघण्यासाठी दाढी गुळगुळीत करतोय. याला त्या वेळी शब्द नव्हता, निदान आमच्या घरात उच्चारता येईल असा. त्यामुळे मी त्याला अभिनय म्हणत होतो.

विरहाच्या प्रसंगात मी रडायला हवं होतं. मला रडू येईना, तेव्हा डायरेक्टरांतले कंपाउंडर जागे झाले. त्यांनी खिशातून कसलासा पेपरमिंटचा अर्क काढला आणि माझ्या डोळ्यांखाली चोळला. तो इतका जहाल होता की मला डोळे उघडता येईनात. डायरेक्टर ‘सुंदर, सुंदर’ म्हणत कॅमेरा फिरवत राहिले. नायकाला त्या प्रसंगात काम नव्हतं. तो आला, माझा हात धरून मला विहिरीकडे घेऊन गेला आणि ओंजळीनं माझे डोळे धुऊ लागला. डोळे निवल्यावर तो पुन्हा हात धरून मला परत आणू लागला. मी हात सोडवू लागलो तसा तो हलक्या आवाजात म्हणाला, “अभी मत छोड़िए, आगे सीढ़ी है।”

मी हात सोडला नाही. डोळे पुरते उघडल्यावर पाहिलं, तर पायरी कुठेही नव्हती.

पुढे आठवड्याभरातच, नव्या राजधानीच्या तयारीसाठी, त्याचा भोपाळला रुजू होण्याचा हुकूम आला. डायरेक्टर हादरले, कारण बुडण्याचा प्रसंग राहिला होता आणि फिल्मही तेवढ्यापुरतीच उरली होती. आम्ही सगळे सकाळी रामघाटावर गेलो. ठरलं होतं ते असं. मी पदर सावरत पाण्यात शिरायचं आणि दिसेनासं व्हायचं. त्यानं मागाहून धावत यायचं आणि पायरीवर माझ्या चपला पाहून कोसळायचं.

तो म्हणाला, “इसको मारना ज़रूरी है क्या?”

डायरेक्टरांनी समजावलं की नायिका मेली नाही तर लोक रडणार नाहीत, आणि लोक रडले नाहीत तर सिनेमा चांगला होता हे त्यांना कळणार कसं.

मी पाण्यात उतरलो. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी गुडघ्याच्या वर येईना. मी बुडायला जागा शोधत पुढे पुढे जात होतो आणि वहिनी काठावरून साडी वर धरायला सांगत होत्या. तेवढ्यात एक पंडाजी आले. एकटी बाई नदीत उभी आहे म्हणजे गिऱ्हाईक आहे असं समजून त्यांनी गाव कोणतं, गोत्र कोणतं, पिंडदान कुणाचं, अशी चौकशी मांडली. मी खाली मान घालून गोत्र सांगितलं. माझा आवाज ऐकून ते दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी स्वतःच आचमन केलं. डायरेक्टर त्यांना हातानं बाजूला व्हायला सांगत होते. कॅमेरा चालूच होता.

आणि नायक वेळेआधी आला. कुणी खूण केली नव्हती. पंडाजींना ओलांडून तो कोट-बुटांसकट पाण्यात शिरला, माझा हात धरला आणि मला काठाकडे चालवू लागला. मी दबल्या आवाजात म्हटलं, अरे, मला अजून मरायचं आहे. तो म्हणाला, “मेरे सामने तो नहीं।” आम्ही पायऱ्या चढून वर आलो आणि फिल्म संपली.

डायरेक्टर त्या दिवशी आमच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो भोपाळच्या गाडीत बसला.

सिनेमा दिवाळीनंतर एका सभागृहात दाखवला. मलेरियाविरोधी प्रचारासाठी आलेला प्रोजेक्टर कंपाउंडरांनी ओळखीनं एका संध्याकाळपुरता मिळवला होता, म्हणून आधी डासांचा सिनेमा झाला आणि मग आमचा. नायक भोपाळहून आला होता आणि उज्जैनच्या घरून आईलाही घेऊन आला होता. पांढऱ्या चादरीवर अर्धा वेळ फक्त काळोख दिसत होता. एका प्रसंगात माझं डोकंच कापलं गेलं होतं. डायरेक्टर नायकाचे संवाद खर्जात आणि माझे चिरक्या आवाजात म्हणत होते, तेव्हा सभागृह खदखदून हसत होतं. पण आम्ही नुसते बघत असायचो तिथे त्यांनी संवाद लिहिलेच नव्हते. त्या जागी लोक हळूहळू गप्प होत गेले. नदीतून तो मला बाहेर काढतो तेव्हा मागच्या रांगेत बायका रडत होत्या. कुणी मेलेलं नसताना त्या का रडतात हे डायरेक्टरांना कळेना. त्यांनी ते आपल्या आवाजाच्या खात्यावर जमा केलं.

बाहेर पडल्यावर त्याच्या आईनं त्याला विचारलं, सिनेमात आपली बहू, म्हणजे सून, झालेली ती मुलगी कुणाची, फार गुणी दिसत होती. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. ती माउली इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. त्यानंतर त्या घरात मला सगळे ‘बहू’च म्हणू लागले. मी दारात दिसलो की ‘बहू आ गई, चाय रखो’. ही थट्टा आम्हाला फार उपयोगी पडली. शनिवारी तो भोपाळहून आला की मी स्टेशनवर उभा, रविवारी मी त्यांच्या घरी जेवायला, आणि कुणाला काही विचारावंसं वाटलंच तर ते आधीच हसून मोकळे झालेले असायचे.

काही वर्षांनी त्याची बदली उज्जैनला झाली. माधवनगरमध्ये आम्ही शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या. मधे दार होतं. स्थळं दोघांनाही येत राहिली. मी मुलींच्या पत्रिकांत दोष काढायचो आणि तो थेट नको म्हणायचा. हळूहळू आणणारेच थकले. त्याची आई शेवटची वर्षं आमच्याकडेच राहिली. तिनं कधी काही विचारलं नाही. सकाळी पोहे कुणी करायचे यावरून आम्ही भांडलो की ती मात्र न चुकता माझी बाजू घ्यायची.

एकदा दिवाळीला तिनं ट्रंकेतून एक रेशमी साडी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. सुनेसाठी घेऊन ठेवलेली. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, पण ती हसत नव्हती.

“रख लो,” ती म्हणाली. “पहनने को नहीं कह रही।”

मी ती घेतली. आई गेल्यानंतर बरीच वर्षं साडी कपाटात होती, आणि मग कसर लागायला लागली तेव्हा आम्ही तिचे उशांचे अभ्रे शिवून घेतले. त्याला ते आवडत नसत. रेशमावरून डोकं घसरतं अशी त्याची तक्रार होती, आणि ती खरीही होती. पण दुसरे घालू दिले नाहीत त्यानं कधी.