शिंगांना लावलेलं तेल

गंगावेशीच्या कट्ट्यावर बायडाबाई म्हैस घेऊन आली, की तालमीतले पैलवानसुद्धा निमूट रांगेत उभे राहत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या पेल्यात धार काढून द्यायची, ही कोल्हापूरची रीत. फेसच जास्त आहे अशी कुणी कुरकुर केली, तर बायडाबाई आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी आणि मग पेला भरी. चूक कबूल करणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. नवरा अकाली मेला, तीही त्याचीच चूक असं ती म्हणे.

तिच्या पदरी पाच वर्षांची नात होती, चिमणा. आई बाळंतपणात गेलेली, बाप परागंदा. बावन्न सालच्या उन्हाळ्यात ही पोर दिवेलागणीला ठेचकाळू लागली. दारात बांधलेली म्हैससुद्धा तिला दिसेना. थेट पोटावर जाऊन आदळायची. म्हैस बिचारी सोसायची. शेजारणींनी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, त्यानं पोर फक्त शिंकली. शेवटी बायडाबाई तिला घेऊन शाहूपुरीतल्या धर्मार्थ दवाखान्यात गेली. तिथं व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून गोरगरिबांच्या पोरांचे डोळे फुकट तपासत.

डॉक्टर वसंतराव मऊ बोलणारे. त्यांनी एक बाटली दिली. "रातांधळेपणा आहे. हे माशाचं तेल रोज एक चमचा पाजा. हयगय केलीत तर डोळे जातील."

घरी येऊन बायडाबाईनं बूच काढलं आणि नाकाला पदर लावला. असलं घाण आणि वर फुकटचं, ते पोटात कोण घालील? डॉक्टर शिकलेला, पण तेल कशाला असतं हे त्याला कोण शिकवणार? तिनं ते म्हशीच्या शिंगांना चोळलं. शिंगं आरशासारखी चमकली. दुसऱ्या दिवशी कट्ट्यापर्यंत म्हशीमागं अकरा मांजरं चालत आली.

"मावशे, म्हस रत्नागिरीस्नं आणलीस व्हय?" पिराजी पैलवानानं विचारलं. त्याला त्या दिवशी दूध मिळालं नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पोरीच्या पापण्या उचलून पाहिल्या. उजव्या डोळ्यात आता पांढरा डागही उमटला होता.

"बाटली संपली?"

"संपली की."

"मग हे औषध हिला लागू पडत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "याहून दुसरं माझ्याकडे काही नाही, बाई."

 दवाखान्यात वीस-पंचवीस माणसं होती, त्यात बायडाबाईची दोन गिऱ्हाइकं. खरं बोललं, तर उद्या सगळ्या गंगावेशीत शोभा होणार होती.

"डाक्टर," ती म्हणाली, "पोरीनं त्येल प्यालंच न्हाय. म्या म्हशीच्या शिंगांस्नी लावलं."

दवाखाना हसून लोळला. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. "आणि दूध? घरची म्हैस आहे. दूध तरी देता ना हिला?"

"दूध गिऱ्हाइकाचं असतंय," बायडाबाई सवयीनं बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. तिला स्वतःची लाज वाटली. नवी बाटली तिनं दोन्ही हातांनी घेतली.

पण चिमणा दातखीळ बसल्यागत तोंड मिटून घेई. मग बायडाबाई तिला कट्ट्यावरच घेऊन आली आणि चमचा पिराजीपुढं धरला. "आदी ह्ये गीळ, मग दूध."

पंचक्रोशीतल्या पैलवानांना आस्मान दाखवणाऱ्या त्या गड्यानं तेल गिळून असं तोंड केलं, की चिमणा खदाखदा हसली. तेवढ्यात दुसरा चमचा तिच्या तोंडात गेला. मग रोज हेच. म्हशीची पहिली धार चिमणाच्या पेल्यात पडू लागली आणि पैलवान तिच्यामागं उभे राहू लागले.

महिनाभरानं एका संध्याकाळी बायडाबाई उंबऱ्यावर बसली होती. अंधार काळा, म्हैस त्याहून काळी. चिमणा खेळून आली, म्हशीला वळसा घालून पुढं गेली आणि थांबली.

"आज्जे, हिची शिंगं लई मळल्यात की. त्येल लाव न्हवं."

 बायडाबाईनं पोरीला मांडीवर ओढलं. "चुकलं माझं, बाय," ती म्हणाली. "चुकलं."

ती शिंगांचंच बोलतेय, असं चिमणाला वाटलं.