अळणी एन्झाइम

ब्रेत्सेल या पिळदार खारट पावावरचं जाड मीठ नखानं खरवडताना मला जर्मनीतल्या आखनची प्रयोगशाळा आठवते. रक्तदाब वाढवणारं एन्झाइम माझ्या परीक्षानळीत आठवडाभर ढिम्म पडून होतं आणि प्रोफेसरबाई म्हणाल्या, "आल्झो, थोडक्यात, मेलंय ते. उद्या तुमचा विषय बदलू." मी कँटीनमध्ये असाच ब्रेत्सेल खरवडत बसलो, तेव्हा शेजारची पुण्याची मैत्रीण म्हणाली, "त्या बिचाऱ्या एन्झाइमलाही अळणीच ठेवलंयस का रे?" ठेवलं होतं. रक्तदाबाच्या कामात मीठ कशाला, या घरगुती शहाणपणानं मी द्रावणात मीठच घातलं नव्हतं, आणि मिठातल्या क्लोराइडशिवाय हे एन्झाइम हलत नाही. धावत जाऊन मीठ घातलं, तशी यंत्राच्या पडद्यावरची, एन्झाइमचं काम दाखवणारी सपाट रेघ सरसर वर चढली. "काय केलंत?" बाईंनी विचारलं. "जेवायला वाढलं," मी छाती काढून म्हणालो. हल्ली त्याच एन्झाइमला गप्प बसवणारी गोळी मी रोज घेतो आणि त्याला बजावतो, विसरू नकोस, तुला उठवलं मीच.