टिंब न दिलेली ओळ

सुशीलाक्कांची पहिली भेट झाली ती पिंप्राळ्यातल्या आमच्या संगणक वर्गाच्या कार्यालयात, नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी टंकलेखक म्हणून रुजू झालो होतो. अक्का पुस्तिका विभागाच्या प्रमुख. माझा पहिलाच कागद उजेडाकडे धरून त्यांनी विचारले, "ही ओळ थोडी आत का नाही?" मी म्हटले, "रिकामी जागा कोण बघतं?" त्या म्हणाल्या, "शिकणारं पोर बघतं." ही बाई डोक्याला ताप होणार, हे मी तेव्हाच ओळखले. तशा त्या झाल्याही, आणि ते माझे भाग्य.

पुस्तिकांचा साचा मुख्य कार्यालयाने ठरवून दिला होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी टिंब. मराठी वाक्याला ते शोभते. कोबॉल या संगणकाच्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये मात्र टिंब पडले की 'जर-तर'ची अट तिथेच संपते. अक्कांनी हे कळवले. साचा बदलणार नाही, असे उत्तर आले आणि पुस्तिका तशीच छापली गेली.

त्यात निकालाचा एक नमुना होता. गुण पस्तीसपेक्षा कमी असतील तर नापासांची संख्या वाढव, आणि पुढच्या ओळीत 'नापास' असा शेरा लिही. मधल्या टिंबामुळे अट पहिल्याच ओळीवर संपली आणि शेरा सरसकट सगळ्यांना लागू लागला. धुळ्याच्या वर्गात नरडाण्याच्या एका मुलीने हौसेने स्वतःचे नाव आणि चांगले गुण घालून पाहिले. यंत्राने तिलाही नापास ठरवले. तो खराच निकाल समजून घरच्यांनी तिचे शिक्षण थांबवले.

अक्का मला घेऊन एसटीने तिच्या घरी गेल्या. ओट्यावर बसलेल्या वडिलांनी विचारले, "अक्का, मशीन खोटं बोलस का?"

एरवी शुद्ध मराठी बोलणाऱ्या अक्का त्यांच्याच अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, पोर पास शे. मशीनले मीच चुकीचं सांगं, ती चूक मन्ही शे."

चूक त्यांची नव्हती. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी नजरेनेच मला गप्प केले. मग मुलीच्या हाती पुस्तिका देऊन तो नमुना मोठ्याने वाचायला लावला. त्या टिंबापाशी ती थबकली आणि हसत सुटली. "आबा, आठे त बठ्ठाच नापास शेतस!" म्हणजे, इथे तर सगळेच नापास.

मुलगी वर्गात परतली. अक्कांनी मुख्य कार्यालयाला कळवले, प्रोग्रॅमला हा साचा नको, नाहीतर मी नको. त्यांची नोकरी जाणार, असेच मी धरून चाललो होतो. पण पुढच्या आवृत्तीत साचाच बदलला.

या गौरवग्रंथाची मांडणी तीच नरडाण्याची मुलगी करते आहे. प्रत्येक लेखाच्या शेवटी पूर्णविराम हवाच, अशी तिची सक्त ताकीद आहे. आज मी तिचे ऐकणार नाही. अक्का, साठी झाली. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि आमच्या ओळी तुम्ही अशाच तपासत राहा