गोरखीसमोरचा मुजरा

माघातली थंडी होती. कंपूच्या, म्हणजे शिंद्यांच्या जुन्या छावणीच्या, मैदानावर कोहरा असा दाटला होता, की पागेच्या या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचं घोडं दिसत नव्हतं, नुसतं त्याचं फुरफुरणं ऐकू येत होतं. उमाजी वाबळे डोक्याला मफलर गुंडाळून दिलावरला खरारा करत होता. लोखंडी दात अंगावरून फिरायचे, केसांतली धूळ उडायची आणि त्या तांबूसकाळ्या अंगातून वाफ निघायची. मानेकडून पाठीवर, पाठीवरून मांडीवर. उलटं कधी नाही. बावन्न वर्षांच्या आयुष्यातली चाळीस वर्षं उमाजीच्या सकाळी अशाच गेल्या होत्या.

त्याचा खापरपणजा दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर भाला घेऊन आला. आजा घोडदळात, बाप घोडदळात. उमाजी चाबूकस्वार झाला, म्हणजे कोऱ्या घोड्याला खोगिरापासून चालीपर्यंत सगळं शिकवणारा. पागेला लागून एक बैठी चाळ होती. तिच्या तिसऱ्या खोलीत तो जन्मला, त्याच खोलीत शांता नवरी होऊन आली, आणि तिथूनच त्यांची एकुलती एक पद्मा लग्न होऊन देवासला गेली. भिंतीपलीकडे घोडी पाय आपटायची, त्या आवाजाखेरीज या घरात कुणाला झोप येत नसे.

मग संस्थान विलीन झालं. मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. पागेवरची पाटी बदलली, घोडी आणि माणसं नव्या सरकारच्या घोडेस्वार पोलिसांत जमा झाली. दाणाओळीतला हरभऱ्याचा व्यापारी तेवढा पहिल्यासारखाच वजनात मारायचा. उमाजी म्हणायचा, "राज्यं दोन बघितली, पण याचा काटा एकच."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या सव्वीस जानेवारीला गोरखीचा दरवाजा आडवा आला.

गोरखी म्हणजे शिंदे सरकारांचा जुना वाडा, आत त्यांचं देवघर. पूर्वी दसऱ्याची स्वारी त्या दरवाज्यासमोर पोहोचली की पुढचं घोडं थांबायचं, उजवा पाय उचलायचं आणि मान खाली घालायचं. घोड्याचा मुजरा. तो शिकवायला उमाजीच लागायचा. लगाम कणभर सैल सोडायचा, डावा गुडघा कणभर दाबायचा, आणि घोड्यानं नमस्कार केला की गूळ. इशारा असा की बघणाऱ्याला दिसता कामा नये. लोकांना वाटलं पाहिजे, जनावराला आपणहून देव कळला. दिलावर हा उमाजीचा शेवटचा आणि सगळ्यात हुशार चेला. पाच दसरे तो त्या दरवाज्यासमोर झुकला होता.

सव्वीस जानेवारीची मिरवणूक कंपूहून बाड्याच्या मोठ्या चौकात झेंड्याला चालली होती. सगळ्यात पुढे दिलावर, वर उमाजी. मागे चौदा घोडेस्वार, त्यांच्या मागे पाहुण्यांची मोटार. गोरखीचा दरवाजा आला. दिलावर थांबला. पाय उचलला. मान घातली. मागची घोडी त्याच्यावर येऊन थडकली, मोटारीनं कचकन ब्रेक मारला, एका पाहुण्यांची टोपी पुढच्या सीटवर गेली. आणि बाड्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

वरच्यांना ते टाळ्यांचंच जास्त झोंबलं. संध्याकाळी पोलीस लाइनीचे नवे साहेब, भिंडकडचे भदौरिया, उमाजीला समोर उभं करून म्हणाले, "वाबळेजी, गणतंत्र दिवस है, और आपका घोड़ा महल के दरवाज़े को सलाम ठोक रहा है! ऊपर से पूछा है, किसने करवाया."

"साहेब, मी नाही केलं. आईशप्पथ."

"मुझे पता है. आप सीधे आदमी हैं. पर काग़ज़ पर किसी का नाम तो लिखना पड़ेगा. घोड़े का या सवार का." साहेब थोडा वेळ दौत हलवत राहिले. "घोड़े का लिख देता हूँ. होली के पहले जाँच आएगी. तब तक आदत छूट गई तो ठीक, नहीं तो नीलाम."

लिलाव म्हणजे काय ते उमाजीला ठाऊक होतं. खोडील असा शिक्का बसलेलं घोडं चांगला माणूस घेत नाही. ते जातं स्टेशनच्या टांग्याला, नाहीतर भट्टीच्या विटा ओढायला.

दुसऱ्या दिवसापासून उमाजी पहाटे दिलावरला गोरखीवरून न्यायला लागला. रस्त्यावर झाडूवाले आणि दूधवाले तेवढे असायचे. दिलावर दरवाज्यापाशी थांबायचा. उमाजी त्याला टाच मारायचा, दरडावायचा, गुळाऐवजी तोंडात कडूलिंबाचा पाला कोंबायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायचा. वीस दिवस झाले. वीस वेळा तो थांबला, वीस वेळा पाय उचलला. एका सकाळी उमाजीनं त्याच्या मानेवर चाबूक ओढला, आणि मग घरी येऊन भाकरीचा तुकडा कुस्करत बसला.

"खाऊन तर घ्या," शांता म्हणाली. "जनावराचा राग भाकरीवर कशाला?"

"चाळीस वर्षांत एवढ्यासाठी घोड्यावर हात उचलला नव्हता मी."

"मग आज कशाला उचलला?"

उमाजी ताट तसंच ठेवून पागेकडे गेला.

एकविसाव्या दिवशी त्याची कंबर धरली. खोगिरावर पाय टाकता येईना. पागेतला तिशीचा शिपाई गोविंद शेळके म्हणाला, "काका, आज मी बसतो. तुम्ही मागनं पायी या. दिवस तर बुडायला नको नं."

गोविंद बसला. उमाजी काठी टेकत दहा पावलं मागे. गोरखीचा दरवाजा आला. उमाजीनं श्वास रोखला. दिलावर टाप टाप करत पुढे निघून गेला. थांबला नाही की वळून बघितलं नाही. पार चौकात जाऊन गोविंदनं लगाम खेचला आणि ओरडला, "काका, सुधरला! तुमचा कडूलिंब लागू पडला!"

उमाजीनं काठी जमिनीत रोवली. तो दरवाज्यासमोरच उभा राहिला. मग म्हणाला, "पुन्हा आण."

गोविंदनं तीन वेळा नेला, तीन वेळा आणला. दिलावरला दरवाज्याशी काही देणंघेणंच नव्हतं. उमाजी म्हणाला, "उतर. मला चढव."

"अहो, कमरेचं काय?"

"चढव म्हणतो नं. आणि तू खाली उभा राहा. घोड्याकडे बघू नकोस, माझ्या पायाकडे बघ."

दिलावर निघाला. दरवाज्यासमोर आला, थांबला, पाय उचलून झुकला. गोविंद खालून बघत होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"काय बघितलंस?"

"काही नाही काका."

"गोविंदा, खरं बोल."

"तुम्ही गुडघा दाबून राहिला आहात," गोविंद हळूच म्हणाला. "डावा. लगाम पण सोडता. जरासाच, पण सोडता."

"मी नाही दाबला."

"दाबला, काका."

उमाजीनं पुन्हा घोडं मागे घेतलं. या खेपेस दात आवळून, मांड्या दगडासारख्या करून बसला. नजर समोर चौकातल्या पानाच्या टपरीवर ठेवली. दरवाजा बाजूला आला, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं. मान त्याची स्वतःची आधी झुकत होती. तीस वर्षांच्या सवयीनं. मान झुकली की पाठ सुटायची, हात सैल पडायचे आणि गुडघा आत जायचा. दिलावर बिचारा शिकवलं तेवढंच करत होता. कडूलिंब त्याला, चाबूकही त्यालाच.

पागेत परत आल्यावर उमाजीनं दिलावरच्या मानेवरच्या त्या वळावर हळद आणि तेल लावलं. मग तो पागेचे जुने दरोगा मानसिंगराव यांच्याकडे गेला. ते उन्हात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी आजूबाजूला बघितलं.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"गोविंदला ठाऊक आहे."

"त्याला मी सांगतो गप बसायला. तू पण बस. उमा, साहेबानं कागदावर घोड्याचं नाव घातलंय ते तुझ्यासाठी. तू सवाराचं नाव सांगितलंस तर वरचे म्हणतील, मुद्दाम केलं. जुन्या सरकारचा माणूस. घोड्यावरनं उतरवतील. आणि चाबूकस्वार घोड्यावरनं उतरला तर पागेत त्याचं काय काम? नोकरी गेली की खोली गेली. म्हातारपणी बायकोला घेऊन कुठे जाशील?"

"गोविंद बसला तर घोडं नीट चालतं, एवढंच सांगितलं तर?"

"तर साहेब विचारील, तू बसलास तर का चालत नाही? त्याला खुळा समजतोस का?"

उमाजीनं जमिनीवर काठीनं रेघ ओढली. "घोडं विटा ओढायला जाईल, सरदार."

"जनावर आहे. मी चाळीस बघितली अशी जाताना."

"ती म्हातारी झाली म्हणून गेली. हे माझ्या खोडीनं जाईल."

मानसिंगरावांनी खुर्ची मागे सरकवली. मग चिडून म्हणाले, "मग जा. जाऊन मर. पण मला विचारलं होतंस असं कुणाला सांगू नकोस."

घरी उमाजीनं शांताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडणं न थांबवता तिनं सगळं ऐकलं.

"म्हणजे खोड तुम्हाला आहे," ती म्हणाली. "हे मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं असतं. मला कुणी विचारलंच नाही."

तो हसला नाही. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"खोली सोडावी लागेल?"

"हो."

"कुठे जायचं?"

"तुझा सदाशिव बिर्लानगरला गिरणीत आहे. त्याला विचारावं लागेल."

शांतानं खोलीकडे एकदा बघून घेतलं. चूल, खुंट्या, पद्माची उंची मोजायला दारावर ओढलेल्या कोळशाच्या रेघा. पदरानं तिनं तोंड पुसलं. "माझ्या मावसभावापुढे तुम्ही हात पसरणार नाही, ते मला ठाऊक आहे. मीच जाते उद्या," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदळाला लागली. एकच तांदूळ ती बराच वेळ बोटांत फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी उमाजी स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून भदौरिया साहेबांपुढे उभा राहिला. हिंदी त्याला येत होती, पण त्या दिवशीही मराठीच तोंडात आली.

"साहेब, घोड्याचं नाव खोडून टाका. माझं घाला."

साहेबांनी मान वर केली. उमाजीनं सांगितलं. पहाटेच्या वीस फेऱ्या, गोविंदची फेरी, गुडघा. साहेब मधेच उठून खिडकीशी गेले.

"जान-बूझकर तो नहीं किया न?"

"नाही. पण उद्या पुन्हा त्या दरवाज्यावरनं गेलो, तर पुन्हा होईल. मला थांबवता येत नाही."

"तो दूसरे रास्ते से जाइए. मैं ड्यूटी बदल देता हूँ."

"आणि कागदावर?"

साहेबांनी कागदाकडे बघितलं. कागदावर एकच नाव मावत होतं.

"वाबळेजी, तीन साल रह गए थे आपके," ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता, जणू त्यांनी दिलेली वस्तू कुणी परत केली होती. "एक जानवर के लिए."

"त्याला मी शिकवलं, साहेब."

साहेबांनी कागद ओढला, घोड्याच्या नावावर रेघ मारली आणि वर लिहिलं. उमाजीनं खाली सही केली. बालबोध लिपीत, एकेक अक्षर सुटं. होळीला पंधरा दिवस होते.

तपासणी झाली, दिलावर पास झाला. होळीची राख निवायच्या आत खोली रिकामी करायची होती. हातगाडीवर दोन ट्रंका, पितळी हंडा, देवांचा डबा आणि उलटी ठेवलेली खाट एवढाच संसार निघाला. पागेतली माणसं कामात असल्यासारखी खाली बघत होती. मानसिंगराव बाहेर आले नाहीत. त्यांच्याकडून शांतासाठी साडी आणि पेढ्यांचा पुडा आला. उमाजी दिलावरच्या ठाणाकडे गेला नाही. गेला असता तर घोड्यानं मान खांद्यावर टाकली असती, आणि मग गाडी ओढणारा ताटकळला असता.

बिर्लानगरात सदाशिवरावांनी मजुरांच्या चाळीत एक खोली मिळवून दिली आणि गिरणीच्या कापूस गोदामावर पहारेकऱ्याचं काम. खाकी कोट, शिट्टी, काठी. पहिले पंधरा दिवस उमाजीला झोप लागली नाही. भिंतीपलीकडे टापा नव्हत्या, नुसता मागांचा खडखडाट होता, आणि पहाटे भोंगा वाजला की तो खाटेवर उठून बसायचा. शेजारची कानपूरची बाई शांताला "मराठन चाची" म्हणायला लागली होती. शांतानं तिला पुरणपोळी शिकवली. ती त्यात बडीशेप घालायची, आणि शांता ते चालवून घ्यायची.

चैत्रातल्या एका रविवारी दुपारी गोविंद भेटायला आला. उमाजी अंगणात खाट उभी करून तिची सैल पडलेली सुतळी ताणत होता. गोविंदनं ओट्यावर बूड टेकलं, पाणी प्यायला, शांताची चौकशी केली. मग मुद्द्यावर आला.

"काल बाड्यावर बंदोबस्त होता, काका. गोरखीवरनं दोनदा गेलो. मीच बसलो होतो दिलावरवर."

उमाजीचा हात थांबला. "मग?"

"सरळ गेला. कान पण नाही हलवला."

उमाजीनं ऐकलं. त्यासाठीच त्यानं खोली सोडली होती. तरी सुतळीचा ताणलेला पीळ त्याच्या हातून सुटला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"चांगलं झालं," उमाजी म्हणाला. "चंदी भिजवून देतोस नं? कोरडी देऊ नकोस त्याला, पोट धरतं."

"भिजवून देतो."

शांता आतून चहा घेऊन आली. दोघांच्या तोंडाकडे बघून तिनं काही विचारलं नाही. "ती खाट आज व्हायला पाहिजे बरं," एवढंच म्हणाली. "दोन रात्री जमिनीवर काढल्या, माझी पाठ मोडून राहिली आहे."

"ये, गोविंदा, तिकडून पाय धर," उमाजी म्हणाला. गोविंदनं खाटेचा पाय दाबून धरला. उमाजीनं सुतळीला पाण्याचा हात फिरवला, टोक मुठीला गुंडाळलं, टाच खाटेच्या चौकटीला लावली आणि मागे रेलून पहिला पीळ ओढला.