बियाण्याला राखलेले टोमॅटो

मला चारचौघांत बोलता येत नाही. ऑफिसात साहेबापुढे उभा राहिलो तरी जीभ टाळूला चिकटायची. आणि असल्या माणसाच्या गळ्यात भाषणाचं घोंगडं पडावं, तेही टोमॅटोवरच्या! काय म्हणावं, कप्पाळ!

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी आणि आई गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका सरकारी कॉलनीत राहायचो. वडील गावीच वारलेले, माझं लग्न व्हायचं होतं, मी पाटबंधारे खात्यात कारकून. क्वार्टर बैठं होतं आणि मागे चांगली मोकळी जागा होती. ती मी ऑफिसातून आल्यावर कुदळीने खणून खणून तिथे बाग केली होती. कॉलनीत बाग करणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी जमायचं, गुलाबाच्या कलमावरून हुज्जत घालायची, चहा प्यायचा आणि पांगायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या समोर राहणारे गृहस्थ मंडळाचे सेक्रेटरी होते. उन्हाळ्यात ते मला म्हणाले, "तुमच्याकडे ते जुने गावठी टोमॅटो आहेत ना, त्यांच्यावर बोला की एकदा. गणपतीच्या सुमाराला ठेवू, म्हणजे झाडांना फळंही असतील. तुमच्याइतका अभ्यास आहे कुणाचा?" झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि हो म्हणून बसलो.

अभ्यास कसला डोंबलाचा! माझ्याकडे तीन जातींची झाडं होती, इतकंच. एक बोराएवढा, जो न लावता गटाराच्या कडेलाही उगवतो. दुसरा लांबट, बुडाला टोक असलेला. आणि तिसरा आईच्या माहेरचा, निफाडकडच्या नदीकाठच्या मळ्यातला. तो चपटा, अंगावर कंगोरे, देठापाशी पिकला तरी हिरवाच राहणारा. आई त्याला 'येडंवाकडं' म्हणायची. कापला की आत लालभडक, आणि त्याच्या साराला चिंच लागत नसे. आम्ही गाव सोडलं तेव्हा आईने त्याचं बी चिंधीत बांधून आणलं होतं.

भाषणाची तयारी करायची म्हणून मी वही घेऊन बसायचो. "सज्जनहो" लिहायचो आणि खोडायचो. "मित्रहो" लिहायचो, तेही खोडायचो. आई गवार निवडता निवडता माझ्याकडे बघायची.

"एवढं काय बोलायचं रं टमाट्यावर? लावायचा, खायाचा."

"आई, लोकांना माहिती हवी असते."

"त्यांना काय, टमाटा म्हाईत नाय व्हय?"

मी वही मिटली. पण मनात म्हटलं, निदान जुनं बी आणखी कुणाकडे आहे का, ते तरी बघून यावं, म्हणजे चार वाक्यं जास्त सुचतील. मामाकडे गेलो. मळ्यात उभा राहिलो तर सगळीकडे तारा, बांबू आणि त्यावर बांधलेला हायब्रीड. सगळी फळं एका मापाची. मामा म्हणाला, "ते येडंवाकडं? ते कोन घेतंय आता? खोक्यात बसत नाय नीट, मुंबईला पोचेस्तवर फुटतंय. उपटून टाकलं कवाच." मग लासलगावच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना विचारत हिंडलो. बियाण्याच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने चित्राचं पाकीट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "साहेब, लोक नवीन मागतात, तुम्ही जुनं काय शोधताय?" कुणाकडेच नव्हतं. परतीच्या एस्टीत मी हिशेब केला. म्हणजे उरलंय ते आमच्या परसातच.

मामाकडचं मी आईला सांगितलं नाही. तिच्या माहेरात तेवढं एक जुनं होतं, तेही गेलं हे तिला कशाला सांगायचं?

आणि त्याच एस्टीत मला माझं भाषणही सापडलं. एका घरच्या वाफ्यात राहिलं तर हे बी आज ना उद्या जाणार. तेच कॉलनीतल्या वीसेक घरांत गेलं तर जगेल. मी ठरवलं, बोलायचं थोडंच; शेवटी पिकलेली फळं सगळ्यांसमोर कापायची, बी काढायचं आणि प्रत्येकाच्या हातात चिमूटभर द्यायचं. मी कागदाच्या पुड्यासुद्धा करून ठेवल्या.

पण नशीब बघा. घरातलं बी जुनं होत चाललेलं, म्हणून त्या वर्षी मी ते सगळंच पेरलं. रोपं छान आली. मग श्रावणात पाऊस लागून राहिला आणि करपा पडला. आज पानावर डाग, उद्या फांदी काळी, परवा झाड आडवं. मी राख टाकली, औषध मारलं, पानं खुडली. करपा काही माझं ऐकत नव्हता. लांबट गेले, बोराएवढे अर्धे गेले. येड्यावाकड्याची दोन झाडं तेवढी तगली, त्यांना मोजकीच फळं धरली आणि पुढे नवीन फूलही येईना. ती बियाण्याला राखायची म्हणून मी त्यांच्या देठांना लाल चिंध्या बांधल्या. चिंधी बांधलेलं फळ तोडायचं नाही, हे आमच्या घरात मला कळायला लागल्यापासून होतं.

भाषण गौरी गेल्यानंतरच्या रविवारी ठरलं. सेक्रेटरींना छान छान मराठी लिहायची फार हौस. कॉलनीच्या फळ्यावर त्यांनी रंगीत खडूंनी लिहिलं: 'बैलाविना, यंत्राविना, केवळ स्वहस्ते फुलवलेल्या बागेतील जुन्या टोमॅटोंची ओळख.' मी वाचलं आणि मला हसू आलं. पंधरा हातांच्या परसात बैल कुठून आणणार होतो मी?

आता एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बौद्ध. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडावर कधी कुणी वावगं बोललं नाही. नमस्कार-चमत्कार व्हायचा, वर्गणी मागायला यायचे, मी पण द्यायचो. पण आमच्या घरचं कुणी खायचं नाही. नवीन होतो तेव्हा बुद्धपौर्णिमेला आई शेजारीपाजारी खिरीच्या वाट्या पाठवायची. वाट्या घासून, त्यात साखर घालून परत यायच्या, रिकामी वाटी परत देऊ नये म्हणून. सगळं रीतीप्रमाणे. एकदा मात्र तिने पाठीमागच्या मोरीत आपली खीर ओतलेली पाहिली. तेव्हापासून तिने पाठवणं बंद केलं. मला म्हणाली, "त्यांना गोड चालत नसंल."

तर ऋषिपंचमी उजाडली. या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगर फिरलेल्या रानातलं धान्य नको, भाजी नको. हाताने खणून लावलेलं तेवढंच चालतं. बाजारातली भाजी कशी पिकली हे कोण सांगणार? आणि इकडे फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं, बैलाविना!

मी ऑफिसला जायचं म्हणून खिडकीपाशी दाढी करत होतो. मागच्या फाटकाशी सेक्रेटरींची बायको उभी. हातात पिशवी.

"आजी, तुमच्याकडे थोडं अळू मिळेल का हो? आज पंचमी ना. तुमच्याकडचं सगळं हाताने खणलेलं आहे म्हणे."

आई वाफ्यात होती. ती खुरपं टाकून उठली. मग म्हणाली, "या की बाई, आत या. मिळंल का म्हून काय इचारता?"

आणि मग आईला जे काही झालं, ते मी तोंडाला साबण लावून खिडकीतून पाहत राहिलो. तिने अळू कापलं, केळीच्या सोपाच्या धाग्याने त्याची जुडी बांधली. भेंडी तोडली, पडवळ काढलं. बोलत होती, हसत होती, पदराने पानांवरचं पाणी पुसत होती. आई इतकी हसते हे मी विसरलो होतो. पिशवी भरली तरी तिचं मन भरेना. ती इकडे तिकडे बघत वळली आणि येड्यावाकड्याच्या झाडांपाशी गेली.

मी वस्तरा खाली ठेवला. आई, ते नको! हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ओरडायला काय लागतं? पण ओरडायचं काय? आज इतक्या वर्षांनी माझ्या आईकडे कुणीतरी काही मागायला आलंय, आणि मी खिडकीतून खेकसू, ते देऊ नकोस म्हणून?

तिने चिंधी सोडली. विसरून नाही हं. वर माझ्याकडे बघून सोडली. "आसू दे रं," ती म्हणाली, "मामाकडं हाय की बी." मग दुसरी सोडली. एकेक करून सगळी फळं तोडली आणि पिशवीत वरच्या बाजूला ठेवली, दबू नयेत म्हणून.

"टोमॅटो व्रताला चालतात की नाही कोण जाणे," सेक्रेटरींची बायको म्हणाली, "पण हाताने लावलेत म्हणजे चालत असतील."

"चालतंय, चालतंय," आई म्हणाली. "आमच्या म्हायेरचा हाय."

मी दाढी तशीच अर्धी सोडून खाली बसलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई गाणं गुणगुणत होती. मला जेवायला वाढताना म्हणाली, "त्यांच्याकडं आज आपल्या परसातली भाजी शिजली." मी मनात म्हटलं, बी शिजलं, संपलं. पण खरं सांगतो, तिच्याकडे बघून मला तितकंसं वाईटही वाटेना. कशासाठी तरी गेलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी करपलेली पानं टाकायला मी गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीपाशी गेलो. वरच पडले होते. चपटे, कंगोऱ्यांचे, देठापाशी हिरवे. एक जरा चेपलेला, बाकी जसेच्या तसे.

आधी मला आनंद झाला. हो, आनंदच! बी वाचलं! मी हातातली पानं टाकून वाकलो, एक टोमॅटो उचलला, शर्टाला पुसला. चला, कुणाकडे टोमॅटो चालत नसतील व्रताला, बरंच झालं की. मग दुसरा उचलायला गेलो तर त्याच्याखाली अळूची जुडी होती. केळीच्या सोपाने बांधलेली, गाठसुद्धा न सुटलेली. भेंडी होती. पडवळ होतं.

मी तसाच उभा राहिलो. कुणावर चिडायचं? चिडून कुणाच्या दारात जायचं, आणि काय म्हणायचं? एवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. बघतो तर आई, भाजीच्या देठांची बादली घेऊन, कुंडीकडेच येत होती.

विचार करायला वेळच नव्हता. हातातला टोमॅटो मी भिंतीपलीकडच्या नाल्यात भिरकावला. पावसाने नाला दुथडी भरून चालला होता. उरलेल्यांवर पाय दिला. पायाखाली फुटलेले कळले मला. कुणीतरी चुलीची राख आणून टाकली होती, ती पायानेच ओढून अळूवर, भेंडीवर, सगळ्यावर लोटली.

"काय करतोस रं तिथं?"

"विंचू होता," मी म्हणालो. "तू पुढे येऊ नकोस. बादली दे इकडे."

तिने बादली दिली. माझ्या चपलेकडे तिचं लक्ष गेलं नाही. मी बादली राखेवर ओतली आणि तिला धरून घरी आणलं.

रविवारी भाषण झालं. झालं म्हणजे मी उभा राहिलो आणि काहीतरी बोललो. वहीतलं एक अक्षर आठवेना. असा असा एक टोमॅटो असतो, चपटा असतो, खोक्यात बसत नाही, असं म्हणालो आणि थांबलो. दाखवायला हातात काही नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "अहो, बी देणार होतात ना?" मी म्हटलं, "यंदा नाही जमलं." आई त्या दिवशी पहिल्यांदाच मंडळात आली होती. इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून बायकांत बसली होती.

तेवढ्यात सेक्रेटरी उठले आणि मोठ्याने म्हणाले, "बी नसलं म्हणून काय झालं? चव आम्ही सांगतो! पंचमीला आजींनी आमच्याकडे पाठवले होते. सगळ्यांनी खाल्ले. काय चव, वा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांची बायको खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसली होती. आणि आई सगळ्यांकडे बघत होती, लाजून, तोंडाला पदर लावून.

मी पण टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होतो?

घरी येताना आई माझ्या पुढे चालत होती. एरवी तिचे गुडघे दुखायचे. फाटकापाशी थांबून म्हणाली, "पुढल्या साली येड्यावाकड्याचा एक वाफा जास्त लाव. बाया यायच्या पंचमीला."

"लावतो," मी म्हणालो, आणि तिच्यासाठी फाटक उघडलं.